ताडपत्रीखालची साडी

टोमॅटो मी दाबून घेतो. लोक लांबून बघून सांगतात, हा पिकलेला, हा कच्चा. मला दोघेही सख्खे भाऊ दिसतात. म्हणून अंगठ्याने दाबतो, आणि त्यामुळे जळगावच्या भाजीबाजारात माझी ख्याती आहे. मी येताना दिसलो की निदान दोन भाजीवाल्या टोमॅटोच्या पाटीवर गोणपाट ओढून घेतात.

तांबडा, हिरवा आणि तपकिरी या तिघांनी माझ्या डोळ्यांत फार पूर्वीपासून युती केलेली आहे. डॉक्टर म्हणाले, "जन्मजात आहे, यावर औषध नाही, आणि याने काही अडतही नाही." यातलं शेवटचं माझ्या बायकोला मान्य नाही. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मी तिच्यासाठी चॉकलेटी म्हणून जी साडी आणली ती शेवाळी निघाली. तिने ती नेसली, आरशासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "विहिरीतून काढल्यासारखी दिसतेय मी." तेव्हापासून साडीच्या दुकानात गेलं की मला बाहेरच्या बाकावर पिशव्या सांभाळायला बसवतात.

बरं, अशा माणसाने नोकरी कुठे करावी? मी केली कॉलेजच्या प्रयोगशाळेत. परिचर म्हणून. तीस वर्षं काचेच्या नळ्या धुतल्या, स्टँड पुसले, बरण्यांना चिठ्ठ्या चिकटवल्या. टायट्रेशन करताना द्रावण फिकं गुलाबी झालं की थांबायचं असतं. ते फिकं गुलाबी मला आजतागायत दिसलेलं नाही. "काका, झालं का हो गुलाबी?" असं एखाद्या मुलीने विचारलं की मी गंभीर चेहऱ्याने म्हणायचो, "तुला काय वाटतं?" मुलांना वाटायचं, काका आपल्याला विचार करायला लावतात. एका वर्षी निरोपसमारंभात एकाने भाषणात तसं बोलूनही दाखवलं. मी मान खाली घालून, विनयाने ऐकून घेतलं.

हे सगळं आधीच कबूल करून टाकतो, कारण गेल्या हिवाळ्यात आमच्या घराण्यात एका रंगावरून जे झालं त्याचा निकाल मी लावला. मीच.

माझी थोरली बहीण, आमची अक्का, धुळ्याला देवपुरात राहते. तिच्या मुलीचं लग्न साताऱ्याकडे जमलं. जमल्यावर पाहुण्यांना एकदा खानदेश दाखवायला हवा. पण दाखवायचं काय? किल्ले त्यांच्याकडे आमच्यापेक्षा जास्त. थंड हवाही त्यांच्याकडे. आमच्याकडे भरीत. म्हणून मार्गशीर्षात माझ्या मेहुण्याच्या, म्हणजे बायकोच्या भावाच्या, शेतात, यावल रस्त्याला, भरीत पार्टी ठरली.

कपाशीच्या वाळल्या काड्यांचा जाळ, त्यात भाजलेली वांगी, लाकडी बडगीत ठेचलेली मिरची आणि लसूण, सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या. थंडीचे दिवस असले तरी आमच्याकडचं दुपारचं ऊन पाहुण्यांना सोसायचं नाही म्हणून मेहुण्याने चार बांबू रोवून वर प्लास्टिकची निळी ताडपत्री ताणली होती. पाहुणे पोचले दोनला. तोवर बहुतेक वांगी भाजून, सोलून, ठेचूनही झाली होती. उरलेल्या कच्च्या वांग्यांचा एक ढीग ताडपत्रीखाली सावलीला पडला होता.

ताडपत्रीखालीच जेवणं झाली आणि मुलाच्या आईने, म्हणजे विहीणबाईंनी, अक्काच्या मांडीवर साडी ठेवली. बाई मोकळ्या स्वभावाच्या. म्हणाल्या, "द्याघ्यायला डझनभर एकदम घेतल्यात हो. पोत एकच, रंग सगळे निराळे. निघताना डब्यातनं हाताला आली ती काढली, आवडली नाही तर सांगा." अक्का म्हणाली, "आवडायला काय झालं?" तेवढ्यात बायको माझ्या कानाशी कुजबुजली, "अहो, फोटो काढा की." आणि मी काढला.

तो फोटो म्हणजे या साऱ्या प्रकरणाचं मूळ. माणसं डाव्या कोपऱ्यात कोंबलेली. मधोमध वांग्यांचा ढीग. आणि उजवीकडे, खालच्या बाजूला, माझा अंगठा. माझ्या प्रत्येक फोटोत तो असतो. बायको म्हणते, पोस्टाच्या शिक्क्यासारखा.

संध्याकाळी मी तो दोन्ही घरांच्या ग्रुपवर टाकला. पहिलं उत्तर मुलाच्या काकांचं आलं. हे काका म्हणजे प्रत्येक विषयावर आधी मत देणारे आणि मग विषय बघणारे. त्यांनी अक्काला उद्देशून लिहिलं, "जांभळी साडी विहीणबाईंना शोभून दिसते."

माझ्या बायकोने लिहिलं, "डाळिंबी आहे."

"जांभळी."

"डाळिंबी हो, काका."

मग जो तो उतरला. एकाच फोटोकडे बघून ग्रुपवरच्या निम्म्यांना साडी डाळिंबाच्या दाण्यासारखी दिसत होती आणि निम्म्यांना पिकल्या जांभळासारखी. कोणी म्हणालं मोबाईलचा उजेड वाढवा, कोणी म्हणालं चष्म्याचा नंबर वाढवा. एका पलंगावर बसून एकाच मोबाईलमध्ये बघणारे माझी बायको आणि माझा मुलगासुद्धा भांडले. मला विचारलं तेव्हा मी खरं ते सांगितलं, "मला मळकट दिसतेय." माझं मत बाद धरण्यात आलं.

शेवटी भाचीने लिहिलं, "आईला विचारलं. साडी कपाटात आहे. डाळिंबीच आहे."

त्यावर विहीणबाईंनी नुसते हात जोडल्याचं चित्र टाकलं. आम्हाला वाटलं, मिटलं. हात जोडण्याचेही दोन अर्थ होतात, हे तेव्हा ध्यानात आलं नाही.

साखरपुडा माघात होता, देवपुरातल्याच एका कार्यालयात. अक्काचं फर्मान होतं की जेवणात भरीत हवं आणि वांगी जळगावहूनच हवीत. धुळ्यात वांगी मिळत नाहीत असं नव्हे. पण अक्काला माझ्याकडून एखादं काम करून घेतल्याशिवाय मी आल्यासारखं वाटत नाही. मेहुण्याने पहाटे दोन पोती माझ्या गाडीच्या टपावर बांधून दिली, वरून ताडपत्री गुंडाळली, आणि एरंडोल, पारोळा करत आम्ही नऊला देवपुरात पोचलो. सगळ्या रस्त्याने ताडपत्री फडफडत होती आणि बायको म्हणत होती, "साखरपुड्याला चाललोय की बाजारसमितीत?"

चहा-फराळ आणि भेटीगाठी उरकून मी पोती उतरवली आणि हात धुतोय तोच भाची धावत आली. शालू नेसलेली, केसांत गजरा, आणि डोळे भरलेले. "मामा, आई खोलीत बसलीय. बाहेर येत नाही म्हणते."

खोलीत अक्का पलंगाच्या काठावर बसली होती. अंगावर तीच विहिणीची साडी. चेहरा असा की वडील गेले तेव्हाच तसा बघितला होता.

झालं होतं असं. बायकांच्या खोलीत विहीणबाई त्यांच्या जावेला हळू आवाजात म्हणाल्या, "ही काही आपण दिलेली साडी नव्हे. ती जांभळी होती, फोटो आहे माझ्याकडे. दिली असेल पुढे सरकवून कोणाला. असते एकेका घराची रीत. तेवढ्यावरून आपण काही बोलायचं नाही." आवाज हळू होता, पण अक्काचे कान आमच्या आईवर गेलेत.

दुसऱ्या कोणी हे मनावर घेतलं नसतं. आलेली साडी पुढे कोणाला देणं हे काय फक्त आमच्याकडे होतं? पण अक्काचं वेगळं आहे. नवी नवरी असताना तिला एकीने साडी दिली होती. तिने हौसेने घडी मोडली तर आत दुसऱ्याच बाईच्या नावाची चिठ्ठी. ती साडी अक्का दिवसभर हसऱ्या चेहऱ्याने नेसली आणि रात्री आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. तेव्हापासून तिचा नेम आहे : आलेली साडी कशीही असो, विटकी असो, झिरझिरीत असो, देणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एकदा तरी नेसायची, आणि पुढे कोणाला द्यायची नाही. म्हणून तर साखरपुड्यासारख्या दिवशी, कपाटात येवल्याची पैठणी असताना, ती ही साधी साडी नेसून उभी होती. आणि नेमकं तिलाच हे ऐकायला लागलं.

चिडली की अक्का अहिराणीवर येते. माझ्याकडे न बघता म्हणाली, "मना घरमा साड्यास्नी कमी शे का रे भाऊ?"

"नही अक्का."

"मंग? मी काही पुढे बसत नही. तुनी बायकोले बसाड."

मुलीच्या साखरपुड्याला आईच्या जागी मामी बसलेली बघून पाहुणे काय समजायचे ते समजले असते. आणि ही मुलगी त्या घरात जायची होती, 'सरकवणाऱ्या बाईची लेक' म्हणून. मुहूर्त साडेअकराचा. घड्याळात दहा वाजून गेलेले.

मी विहीणबाईंकडे जाऊन समजावायचा प्रयत्न केला नाही असं नाही. त्या आदराने म्हणाल्या, "मामा, मी कुठं काय म्हणतेय? सोडून द्या." 'सोडून द्या' म्हणणाऱ्या माणसाने काही सोडलेलं नसतं. वर त्यांनी मोबाईल काढून माझाच फोटो मला दाखवला. "आता हे जांभळं नाही तर काय आहे, तुम्हीच सांगा." हा प्रश्न, सबंध खानदेशातून निवडून, त्यांनी मला विचारला.

मी मागच्या अंगणात आलो. तिथे आचाऱ्यांनी एक पोतं मोकळं केलं होतं आणि काका त्या वांग्यांसमोर कमरेवर हात ठेवून उभे होते.

"काय हो मामा, ही वांगी कच्ची आणली का?"

"कच्ची? छे. ताजी आहेत. काल तोडलेली."

"अहो पण हिरवी आहेत."

"आमची भरताची वांगी हिरवीच असतात, काका." रंग मला दिसतो म्हणून नव्हे, पोराला स्वतःचं नाव ठाऊक असतं तसं आमच्याकडे हे ठाऊक असतं. फिक्या हिरव्या अंगाची, पांढुरक्या रेघांची, वितभर लांब.

"काहीतरीच," काका म्हणाले. "त्या दिवशी शेतात तर जांभळी होती. फोटोत ढीग आहे की. चांगली जांभळीजर्द."

मी हातातलं वांगं तसंच धरून उभा राहिलो.

आमच्या कॉलेजात भौतिकशास्त्राचे एक सर होते. दरवर्षी नव्या वर्गाला ते एक गंमत दाखवत. दिव्यापुढे रंगीत जिलेटिनचा कागद धरायचा आणि त्या उजेडात एक लिंबू ठेवायचं. मुलं म्हणायची, लिंबू पिवळं. मग सर त्याच उजेडात कापडाचा एक तुकडा ठेवत, आणि त्याच्या रंगावरून वर्गात मारामारी होई. सर म्हणत, "लिंबू पिवळं असतं हे तुम्हाला माहीत आहे, म्हणून डोळ्याने कागदाचा रंग वजा केला आणि तुम्हाला पिवळं दाखवलं. कापडाचं काहीच माहीत नाही. तिथे ज्याने त्याने आपापल्या अंदाजाने वजाबाकी केली. रंग काही नुसता वस्तूत नसतो बाळांनो. उजेड काय आहे याचा डोळा आधी अंदाज बांधतो आणि मग आपल्याला रंग सांगतो." तीस वर्षं मी हे ऐकलं. कारण जिलेटिनचा कागद धरायचं काम माझं होतं.

ताडपत्री! आमच्या लोकांना वांगी हिरवी हे ठाऊक, ताडपत्री निळी हे ठाऊक. फोटोत सगळंच निळसर आलंय हे त्यांचा डोळा न सांगता समजला, त्याने निळा वजा केला, आणि उरली डाळिंबी. माझा मुलगा वांगं नुसतं बघायलाही तयार नसतो, म्हणून तो तेवढा पलीकडच्या बाजूला गेला. साताऱ्याच्या मंडळींनी त्या काळपट ढिगाकडे बघितलं आणि वांगं म्हटल्यावर जसं असायला हवं तसंच त्यांना ते दिसलं, जांभळं. मग उजेडात खोट कशाला काढायची? वांगी ठीक, तर साडीही ठीक. जांभळी. दोघंही खरं बोलत होते. आणि अक्का त्या दोघांच्या मधे सापडली होती.

मी काकांना म्हणालो, "काका, पाच मिनिटं माझ्यासाठी एक काम कराल?"

"कसलं?"

"कागद धरायचं."

अंगणात ऊन होतं. वांग्यांवरची ताडपत्री भिंतीशी पडली होती. तीच, मेहुण्याच्या शेतातली. तिची दोन टोकं काकांच्या हातात दिली, दोन आचाऱ्याच्या. खाली पाटावर पाच वांगी मांडली. भाचीला म्हणालो, "आईला सांग, मामाने बोलावलंय. त्याची अब्रू जायची वेळ आलीय." अक्का स्वतःसाठी आली नसती. माझी अब्रू जाताना बघायला मात्र ती कुठूनही येते.

ती आली. मागून माझी बायको आली, विहीणबाई आल्या, त्यांची जाऊ आली, आणि साखरपुड्यात एवढं काय चाललंय म्हणून सगळं कार्यालयच अंगणात उतरलं. बायको दातओठ खात म्हणाली, "अहो, काय मांडलंय हे? लोक बघताहेत."

"बघण्यासाठीच मांडलंय."

माझा आवाज एवढा खणखणीत कसा येत होता कोण जाणे. तीस वर्षं वर्गाच्या कोपऱ्यात उभा राहणारा माणूस मी, एकदम टेबलामागे उभा राहिलो होतो. "विहीणबाई," मी म्हणालो, "मला रंग कळत नाहीत हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून मी काही बोलणार नाही. तुम्ही बघायचं, तुम्ही सांगायचं. आधी उन्हात. अक्का, पदर पुढे कर. हा कोणता?"

"डाळिंबी," विहीणबाई म्हणाल्या. "ते दिसतंच आहे. म्हणूनच तर..."

"थांबा. आणि वांगी?"

"हिरवी आहेत बाई. असली वांगी पहिल्यांदा बघतेय."

"आता तुमचा मोबाईल काढा. फोटो तुम्ही काढायचा, माझा अंगठा मधे नको. अक्का, पाटाशी बस. काका, ताडपत्री वर. अजून वर. माझ्या बहिणीच्या डोक्याला लावू नका, वेणी मोडली तर मुहूर्त राहील बाजूला."

निळी सावली अक्कावर उतरली. विहीणबाईंनी फोटो काढला, मोबाईल डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, चष्मा वर केला.

"अगं बाई," त्या म्हणाल्या.

जावेने मान पुढे काढली. "जांभळी!"

"वांगी बघा, वांगी," मी म्हणालो.

"वांगीपण जांभळी!" काका ताडपत्री धरूनच ओरडले, आणि पुढे वाकून बघायला गेले तशी ताडपत्री सगळी त्यांच्याच अंगावर आली. आतून आवाज आला, "म्हणजे त्या दिवशीसुद्धा वांगी हिरवीच होती?"

"हिरवीच होती काका. आणि साडी डाळिंबीच होती. तुमच्या वहिनींनी हाताने दिलेली. हीच."

मग हशा उसळला. पण विहीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी मोबाईल जावेच्या हातात दिला, चार पावलं चालत आल्या आणि पाटासमोर, शेणाने सारवलेल्या त्या अंगणात, नव्याकोऱ्या साडीनिशी खाली बसल्या. अक्काचे दोन्ही हात धरले. "विहीणबाई, मी बोलले. तुम्ही ऐकलंत, मला माहीत आहे. माझं चुकलं."

मला वाटलं, आता अहिराणी निघते. पण अक्काने फक्त त्यांच्या पदराला लागलेली माती झटकली आणि म्हणाली, "तुमचं नाही चुकलं. फोटो ज्याने काढला त्याचं चुकलं. लहानपणापासून असाच आहे. चला उठा, साडेअकरा होताहेत."

अक्का पुढे बसली. आईच्या जागेवर, ताठ, डाळिंबी साडीत, आणि विहीणबाईंनी तिची ओटी भरली तेव्हा तांदळात, नारळाशेजारी, एक हिरवं वांगंही ठेवलं. भटजींनी भुवया वर केल्या. विहीणबाई म्हणाल्या, "असू द्या गुरुजी, आमच्यात आजपासून पद्धत आहे."

पंगतीत भरीत तीनदा फिरलं. काकांनी चारदा घेतलं आणि प्रत्येक वेळी शेजारच्याला सांगितलं की खानदेशातली भरताची वांगी हिरवी असतात, हे त्यांना आधीपासून ठाऊक होतं. आचारीसुद्धा मला 'सर' म्हणाला. मी त्याला दुरुस्त केलं नाही. बायको माझ्या पानात आग्रहाने वाढत होती. सत्तावीस वर्षांच्या संसारात असा आग्रह मी दुसऱ्यांदा बघत होतो. म्हणाली, "लग्नाच्या साड्या घ्यायला जाऊ तेव्हा तुम्ही आत या."

"बाकावर कोण बसणार?"

"काका बसतील."

निघताना दोन्ही घरांचा एकत्र फोटो काढायचं ठरलं. फोटोग्राफर होता, पण विहीणबाई हटून बसल्या की मामांनीच काढायचा, उन्हात, डोक्यावर काहीही नको. मधे नवरा-नवरी, एका बाजूला अक्का, दुसऱ्या बाजूला विहीणबाई, दोघींनी मिळून एकच वांगं धरलेलं, ढाल जिंकलेल्या संघासारखं. अक्का ओरडली, "भाऊ, अंगठा काढ पहिले!" सगळे हसले आणि मी बटण दाबलं.

घरी पोचेपर्यंत तो ग्रुपवर गेला होता. साडीच्या रंगावरून कोणी भांडलं नाही. पहिलं उत्तर नेहमीप्रमाणे काकांचं : "साडी डाळिंबी. वांगं हिरवं. अंगठा मामांचा."